परदेशातल्या विद्यापीठाच्या कॉन्फरन्स ऑफिसात काम शिकायला जायचंय? आपल्या नॉन-टीचिंगवाल्यांसाठी सगळं सविस्तर

माहेर परभणीचं, नोकरी मराठवाड्यातल्याच एका विद्यापीठात, पद वरिष्ठ लिपिक, आणि टेबल सभागृह अन् गेस्ट हाऊसचं. म्हणजे सेमिनार असो, कार्यशाळा असो की आंतरराष्ट्रीय परिषद, हॉलचं बुकिंग, पाहुण्यांच्या खोल्या, मंडपवाला, साऊंडवाला, आचारी, सगळे फोन माझ्याकडं. सप्टेंबरमध्ये मी जर्मनीतल्या एका विद्यापीठाच्या कॉन्फरन्स ऑफिसात दोन आठवडे काम बघायला जाऊन आले आणि तेव्हापासून रोज कुणी ना कुणी विचारायलेत, मॅडम तुम्ही प्राध्यापक नाही मग तुम्हाला कसं काय पाठवलं? म्हणून एकदाच नीट लिहिते. जो कारकून, अधीक्षक, लायब्ररीतला सहायक हे वाचेल त्यानं फॉर्म भरलाच पाहिजे असं मला मनापासून वाटतं, कारण ह्या जागा आपल्याला असतात हेच आपल्याकडं कुणाला माहीत नसतं आणि त्या कुणीच न भरता तशाच जातात.

आधी योजना काय आहे ते समजून घ्या. युरोपियन युनियनची इरॅस्मस प्लस नावाची योजना आहे. विद्यार्थी आणि प्राध्यापक जातात हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण त्यात स्टाफ मोबिलिटीचे दोन भाग असतात, एक शिकवायला जाणं आणि दुसरं ट्रेनिंगला जाणं. हा दुसरा भाग प्राध्यापकांना तर आहेच पण ऑफिसातल्या माणसांना पण आहे, अकाउंट्स, परीक्षा विभाग, आंतरराष्ट्रीय कक्ष, कार्यक्रम विभाग, कुणीही. आपल्यासारख्या देशातून जाणाऱ्याला कमीत कमी ५ दिवस आणि जास्तीत जास्त ६० दिवस, प्रवासाचे दिवस सोडून. ह्यात पगार मिळत नाही, राहण्याजेवणाचा रोजचा ठरलेला भत्ता आणि अंतराप्रमाणं प्रवासखर्च मिळतो, आणि १५ व्या दिवसापासून भत्ता ७० टक्क्यांवर येतो, त्यामुळं पहिल्यांदा जाणाऱ्यानं दोन आठवडे धरावेत हे बरं पडतं.

आता महत्त्वाचं. आपण थेट ब्रसेल्सला, म्हणजे युरोपियन युनियनच्या मुख्यालयाला, अर्ज करायचा नसतो. तिकडचं विद्यापीठ त्यांच्या देशातल्या एजन्सीकडं अर्ज करतं (जर्मनीत हे काम डीएएडी बघतं), साधारण फेब्रुवारीत, आणि पैसा मंजूर झाला की ज्यांच्याशी करार आहे त्या विद्यापीठांना जागा देतं. म्हणून पहिली पायरी अशी की आपल्या विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कक्षात जायचं आणि विचारायचं, सर कोणकोणत्या विद्यापीठांशी आपला करार चालू आहे आणि त्यात स्टाफ ट्रेनिंगच्या जागा आहेत का. नुसता एमओयू, म्हणजे सामंजस्य करार, चालत नाही बरं का, इरॅस्मसचा वेगळा करार लागतो दोन्ही विद्यापीठांच्या सहीचा. मला त्या कक्षातल्या सरांनी फाईल काढून दाखवली तर तीन जागा होत्या, दोन प्राध्यापकांनी घेतलेल्या आणि तिसरी रिकामी, वर्ष संपत आलेलं. कारण काय तर परिपत्रक फक्त विभागप्रमुखांना गेलं होतं. तेव्हा परिपत्रकाची वाट बघत बसू नका, स्वतः जाऊन विचारा, आणि दर दोन महिन्यांनी विचारा.

जागा आहे म्हटल्यावर तिकडचं कोणतं ऑफिस ते ठरवायचं. मी कॉन्फरन्स ऑफिस मागितलं कारण माझं रोजचं कामच ते. ट्रेनिंग आपल्या टेबलाशी जुळणारं असेल तर आपले कुलसचिव पण सही करतात आणि तिकडचे पण हो म्हणतात. तिकडं ईमेल लिहिताना दोन ओळीत आपण कोण, किती आसनांचा हॉल सांभाळतो, वर्षात साधारण किती कार्यक्रम होतात आणि आपल्याला काय बघायचंय एवढंच लिहा. आणि हो, तारीख त्यांना विचारा. जर्मनीत हिवाळी सत्राची लेक्चर्स ऑक्टोबरच्या मध्याला सुरू होतात, त्यामुळं सप्टेंबरमध्ये लेक्चर हॉल रिकामे असतात आणि परिषदा तेव्हाच भरतात. कॉन्फरन्स ऑफिस बघायचं तर परिषदेच्या वेळीच बघायचं, नाहीतर खुर्च्या बघून परत याल. मी महालक्ष्म्यांचं जेवण उरकून तिसऱ्या दिवशी निघाले, सासूबाईंनीच सांगितलं होतं की सण झाला की जा, माझी काळजी करू नको.

ह्यानंतर येतो मोबिलिटी अ‍ॅग्रीमेंट नावाचा कागद, आणि इथंच आपली माणसं गडबडतात. दोन-तीन पानांचा फॉर्म असतो, उद्देश काय, तुमच्या संस्थेला फायदा काय, रोज काय करणार, परत आल्यावर काय होणार असे रकाने. सह्या तिघांच्या, तुमची, आपल्या विद्यापीठाची, त्यांच्या विद्यापीठाची. मी पहिल्यांदा आपल्या सवयीनं लिहिलं, 'आधुनिक व्यवस्थापनाचं ज्ञान आत्मसात करणे आणि सांस्कृतिक आदानप्रदान'. तिकडच्या मॅडमनी फार प्रेमानं परत पाठवलं की ह्यातून आम्ही तुम्हाला नेमकं कुणाजवळ बसवायचं ते कळत नाही. मग मी रात्री बसून आमच्या मागच्या परिषदेत काय काय चुकलं ते एका वहीत लिहिलं. नोंदणीच्या टेबलावर रांग जिन्यापर्यंत गेली, जेवण ३०० लोकांचं सांगितलं आणि किती आले ते शेवटपर्यंत कळलं नाही, उद्घाटन लांबलं म्हणून दुपारच्या सत्रातल्या संशोधक मुलींना प्रत्येकी चारच मिनिटं मिळाली आणि त्यातली एक किनवटहून पहाटेच्या एसटीनं आली होती. ते सगळं मी प्रश्नाच्या रूपात लिहिलं, नोंदणी कशी करता, जेवणाचा आकडा कधी आणि कसा पक्का करता, वेळ कशी पाळता. तीन प्रश्न. दोन दिवसांत उत्तर आलं, सोबत दहा दिवसांचा तक्ता, कोणत्या दिवशी कुणासोबत. तुम्ही पण असंच करा, आपल्याकडं काय अडतंय ते लिहा, लाजू नका, त्यांच्याकडं पण अडतंच.

परवानगीची फाईल त्याच दिवशी सुरू करा ज्या दिवशी निमंत्रण पत्र येईल. टिपणी आस्थापना विभागातून, मग कुलसचिव, मग कुलगुरू, आणि रजा कर्तव्य रजा म्हणूनच मागा, अर्जित रजा टाकून जाऊ नका कारण हे विद्यापीठाचंच काम आहे. टिपणीत स्पष्ट लिहा की विद्यापीठावर खर्चाचा बोजा नाही, ह्या एका वाक्यानं फाईल लवकर हलते. आदेशाची जावक क्रमांक टाकलेली इंग्रजी प्रत मागून घ्या, व्हिसाला तीच लागते, मराठी आदेश तिथं कुणी वाचत नाही.

पासपोर्ट नसेल तर आजच अर्ज करा. आता आपल्या भागात पण पोस्टात पासपोर्ट केंद्रं झालीत, मुंबई-पुण्याला जायची गरज नाही. नोकरीवाल्यांनी कार्यालयाला पूर्वसूचनेचं पत्र देऊन त्याची पोच जोडली तरी चालतं, नाहरकतीसाठी अडून बसू नका. आणि नाव! आपलं नाव, वडलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव असं तिहेरी असतं, पासपोर्टवर आडनाव वेगळ्या ओळीत आणि बाकी दोन एका ओळीत येतात. माझ्या निमंत्रण पत्रात नवऱ्याचं नाव आडनावाच्या जागी पडलं होतं, कारण मीच ईमेलखाली घाईत तसं लिहिलं होतं, आणि ते ध्यानात आलं व्हिसाच्या आदल्या आठवड्यात. पत्र नवीन मागवावं लागलं, चार रात्री झोप नव्हती. म्हणून पहिल्या ईमेललाच पासपोर्टच्या पहिल्या पानाची स्कॅन कॉपी जोडा आणि लिहा की सगळीकडं असंच नाव टाका, पत्र, विमा, तिकीट, सगळीकडं.

व्हिसा शेंगेन शॉर्ट स्टे, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालणारा थोड्या दिवसांचा, १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत राहता येणारा. जर्मनीसाठी आपण मुंबईला किंवा पुण्याला व्हीएफएस ह्या व्हिसाचे अर्ज घेणाऱ्या कंपनीच्या केंद्रात जायचं, आधी ऑनलाइन अपॉइंटमेंट घेऊन. अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो आणि कमीत कमी १५ दिवस आधी करावाच लागतो, पण १५ दिवसांवर ठेवू नका कारण निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात आणि कधी ४५ पण लागू शकतात. फी मोठ्या माणसाला ९० युरो, वर केंद्राचा सेवाखर्च. पासपोर्ट १० वर्षांच्या आतला, परत निघायच्या तारखेनंतर ३ महिने तरी वैध आणि दोन पानं कोरी. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा. बाकी निमंत्रण पत्र, तिघांच्या सहीचं मोबिलिटी अ‍ॅग्रीमेंट, अनुदानाचं पत्र, रजेचा आदेश, पगारपत्रकं, तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट, आयटी रिटर्न, राहण्याचं बुकिंग, तिकिटाचं आरक्षण. मी देवगिरीनं रात्री निघून सकाळी सीएसएमटीला उतरले पण अपॉइंटमेंट दुसऱ्या दिवशीची ठेवली होती, बहिणीकडं ठाण्याला मुक्काम केला. त्याच दिवशीची अपॉइंटमेंट घेऊन धावपळ करू नका, बोटांचे ठसे द्यायचे असतात, शांत चित्तानं जा. काउंटरवर विचारलं की काम करायला चाललात का, तर उत्तर सरळ, नोकरी इथंच आहे, तिकडं ट्रेनिंग आहे, पगार नाही, भत्ता आहे, हे त्याचं पत्र.

पैशाचं एक कुणी सांगत नाही. भत्ता कधी आधी मिळतो, कधी पोचल्यावर, कधी थोडा आधी थोडा नंतर, ते आधीच विचारून घ्या आणि पहिल्या आठवड्याचा खर्च स्वतःचा धरून चला. त्यांच्या फॉर्मवर आयबॅन नंबर, म्हणजे तिकडच्या पद्धतीचा बँक खात्याचा लांब नंबर, मागतात. आपल्या देशात आयबॅन नसतो, तिथं खाते क्रमांक आणि बँकेचा स्विफ्ट कोड (परदेशातून पैसे यायला लागतो तो) द्यायचा. आपल्या तालुक्याच्या शाखेला बहुतेक वेळा स्विफ्ट कोड नसतो, मग शाखाधिकाऱ्याला भेटून परदेशी व्यवहार बघणाऱ्या मोठ्या शाखेचा कोड घ्यायचा. आमच्या शाखेत साहेबांनी तीन ठिकाणी फोन लावून कोड काढून दिला, तासभर गेला पण काम झालं. सोबत फॉरेक्स कार्डावर युरो आणि थोडे रोख, २००-३०० तरी, कारण लहान दुकानात अजून रोख चालतं.

बॅगेत काय न्यायचं ह्यावर घरात सगळ्यात जास्त चर्चा होते. बाहेरून युरोपात जाताना मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे पेढे, खवा, घरचं तूप, काही नाही. धपाटे न्यायचे तर दही न घालता करा. शेंगदाण्याची चटणी, काळा मसाला, ज्वारीचं पीठ, मेतकूट, हे मी सीलबंद नेलं आणि काही अडचण आली नाही. भेट म्हणून हिमरूचे छोटे बटवे नेले सहा, वजन नाही, आणि संभाजीनगरची गोष्ट सांगता येते. आपली गोल दोन पिनची पिन तिकडं बहुतेक बसते, तीन पिनची बसत नाही, एक अ‍ॅडॅप्टर ठेवा. नळाचं पाणी पिता येतं. रविवारी दुकानं बंद असतात, किराणा शनिवारीच भरा. प्लॅस्टिकच्या बाटलीवर २५ सेंट अनामत असते, बाटली मशीनमध्ये परत टाकली की पैसे परत. अडीअडचणीचा नंबर ११२, आपल्याकडं आहे तोच. विमानतळावर आमच्या वेळी शिक्का मारला, आता १२ ऑक्टोबर २०२५ पासून कॉम्प्युटरवर नोंद करायची नवी पद्धत सुरू केलीय, त्यामुळं पुढची गाडी पकडायला वेळ हातात ठेवा. फ्रँकफर्टला उतरलात तर रेल्वे स्टेशन विमानतळालाच लागून आहे.

आता ऑफिसातलं.

कॉन्फरन्स ऑफिस म्हणजे चार खोल्या आणि पाच माणसं, बाकी कामाला विद्यार्थी, तासावर पैसे घेणारे, त्यांना तिकडं हिवी म्हणतात. पहिल्या दिवशी मला एक फाईल दिली, ऑक्टोबरमध्ये होणाऱ्या एका परिषदेची, आणि म्हणाले आधी ही वाच. त्यात पहिलं पान म्हणजे एकच नाव, ह्या परिषदेचा ह्या ऑफिसातला माणूस कोण. विभागाचा प्राध्यापक असो, केटरर असो की पाहुणा, सगळे त्याच एकालाच विचारणार. आपल्याकडं पाच समित्या असतात आणि पाहुणा स्टेशनवर उतरला की पाचही जणांना वाटतं दुसरा आणायला गेलाय.

हॉलचं बुकिंग दोन टप्प्यांत. आधी तात्पुरती नोंद, तिला शेवटची तारीख असते, त्या तारखेपर्यंत विभागानं लेखी कळवलं नाही तर नोंद आपोआप जाते आणि पुढच्याला मिळते. मी विचारलं मोठ्या साहेबांचा फोन आला तर? त्या मॅडमनी स्क्रीन दाखवली, सगळ्यांना दिसणारं कॅलेंडर, कुणी कधी नोंद केली त्याच्या वेळेसकट. फोन आला तरी कॅलेंडर सगळ्यांना दिसतं, बास. हे आपल्याकडं फुकटात करता येतं, एक गुगल कॅलेंडर पुरतं.

नोंदणीसाठी त्यांच्याकडं कॉन्फटूल नावाचं सॉफ्टवेअर होतं, पण मला शिकायला मिळालं ते टेबलावर. मी असतानाच भरलेल्या एका परिषदेच्या सकाळी साडेसातला आम्ही टेबलं मांडली. बॅज आडनावाच्या अक्षरानं लावलेले, लांबट लाकडी खोक्यात उभे, मधे मधे अक्षराची रंगीत पुठ्ठ्याची पाटी. तीन टेबलं, प्रत्येकावर अक्षरं मोठी लिहिलेली, आणि चौथं टेबल थोडं लांब, त्यावर फक्त 'अडचण' अशा अर्थाचा फलक. ज्याचं नाव नाही, ज्याची फी राहिली, ज्याला पावती पाहिजे, तो चौथ्या टेबलावर. त्यामुळं बाकीच्या तीन रांगा थांबतच नाहीत. मला पहिल्या टेबलावर बसवलं. पंधरा कोरे बॅज आणि एक जाड पेन ठेवलं होतं माझ्यापुढं. एक म्हातारे प्राध्यापक आले, खोक्यात नाव सापडेना, मी चौथ्या टेबलाकडं हात करायच्या आधीच शेजारच्या मुलीनं कोऱ्या बॅजवर नाव लिहून त्यांच्या हातात दिला आणि मग हळूच म्हणाली की पाहुण्याला आधी आत बसवायचं, कागद नंतर. हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय.

वेळेचं तर वेगळंच शास्त्र. तिथल्या पत्रिकेवर ९ सी.टी. लिहिलेलं असलं तर कार्यक्रम सव्वानऊला सुरू होतो, तो पाव तास जुन्या परंपरेनं दिलेला असतो, आणि एस.टी. लिहिलं तर नऊ म्हणजे नऊ. (मी एस.टी. वाचून आधी गाडीचंच काहीतरी समजले.) शिवाय ऑफिसात मिनिटा-मिनिटाचा तक्ता असतो, ८.४० माईक तपासणी, ८.५० पाणी, ९.१५ स्वागत, ९.२० पहिलं भाषण, आणि तो साऊंडवाल्यापासून सफाईवाल्या मावशींपर्यंत सगळ्यांच्या हातात. वक्त्यासमोर पहिल्या रांगेत बसलेली मुलगी किती मिनिटं उरली ते सांगणाऱ्या ५ आणि १ अशा पाट्या दाखवते. भाषण संपलं की टाळ्यांऐवजी बाकावर बोटांनी टकटक करतात, पहिल्यांदा ऐकलं तर काय झालं कळतच नाही.

खुर्च्यांचं मात्र मला सगळ्यात जास्त लागलं. तिथल्या बऱ्याच राज्यांच्या नियमात एका बाजूलाच वाट असेल तर एका ओळीत १० च्या वर खुर्च्या नाहीत, दोन्ही बाजूंना वाट असेल तर २०, आणि दोन ओळींत जायला ४० सेंटीमीटर मोकळी जागा. तांत्रिक विभागाचा माणूस टेप घेऊन मोजतो, माझ्यासमोर त्यानं एक खुर्ची वाटेत आली म्हणून उचलून बाहेर ठेवली, आत माणूस उभा राहिला तरी चालेल पण वाट बंद नको. आपल्याकडं गर्दी झाली की आपण वाटेतच खुर्च्या टाकतो, आणि मागचं दार कुलूपबंद. मी आमच्या हॉलचा विचार केला आणि पोटात गोळा आला.

जेवणाचा आकडा नोंदणीच्या वेळीच विचारतात, कोणत्या दिवशी जेवणार, शाकाहारी की काय, आणि केटररला शेवटचा आकडा ठरलेल्या तारखेला लेखी जातो. माहितीचं पण कडक आहे, २०१८ पासून युरोपात डेटा संरक्षणाचा कायदा लागू आहे, सहभागींची यादी फोन नंबरासकट भिंतीवर लावत नाहीत, फोटोची संमती घेतात. आपण तर यादी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो सगळी.

तिथं गेल्यावर नुसतं बघत बसू नका, काम मागा. मी बॅज लावले, खुर्च्या मोजल्या, कपबशा पण उचलल्या. इंग्रजी तोडकं असलं तरी चालतं, त्यांची पण मातृभाषा इंग्रजी नाही, हळू बोलतात. रोज संध्याकाळी वहीत तीन गोष्टी लिहा आणि जो तक्ता, जो फॉर्म आवडेल त्याची कोरी प्रत मागा, विचारून मागा, कुणी नाही म्हणत नाही. आणि आपलं पण सांगा. १७ सप्टेंबर मी तिथंच होते, चहाच्या वेळी मी त्यांना मुक्तिसंग्राम दिन म्हणजे काय, १९४८ मध्ये आमचा भाग निजामाच्या राज्यातून कसा सुटला ते सांगितलं, सगळे कप हातात धरून ऐकत होते.

निघायच्या आधी एक कागद विसरायचा नाही, हजेरीचं प्रमाणपत्र, त्यावर सुरुवातीची आणि शेवटची तारीख मोबिलिटी अ‍ॅग्रीमेंटप्रमाणंच पाहिजे, एक दिवस कमी लिहिला तर तेवढा भत्ता परत मागू शकतात. सही-शिक्का स्वतः वाचून घ्या. बोर्डिंग पास चारही जपा. परत आल्यावर ईमेलवर एक प्रश्नावली येते ती भरावीच लागते, ती भरल्याशिवाय हिशोब बंद होत नाही. आस्थापनेला रुजू अहवाल पहिल्या दिवशीच द्या.

आणि आठवड्याच्या आत वहीतली एक तरी गोष्ट सुरू करा, नंतर रोजच्या कामात राहूनच जातं. सगळं एकदम बदलायला जाऊ नका, सत्कार, दीपप्रज्वलन, स्वागतगीत हे आपलं आहे आणि ते राहिलंच पाहिजे, फक्त तक्त्यात त्याला मिनिटं लिहायची. परदेशी पाहुणा बोलवायचा असेल तर त्याला टुरिस्ट व्हिसावर येऊ देऊ नका, आपल्या देशाचा वेगळा कॉन्फरन्स व्हिसा असतो, त्यासाठी आपलं निमंत्रण आणि केंद्र सरकारच्या परवानग्या लागतात, ते काम परिषदेच्या कितीतरी महिने आधी सुरू करायचं.

मी मागच्या महिन्यात आमच्या सुताराकडून तसं लांब खोकं करून घेतलं, सागवानी पट्ट्यांचं, ३०० बॅज मावतात. अक्षरं मराठीत लावली, अ, क, ग, च... चौथ्या टेबलावर शिपाई मामांना बसवलं कारण सगळ्या महाविद्यालयांची माणसं त्यांना ओळखतात. मागच्या दाराची किल्ली आता माझ्या ड्रॉवरमध्ये असते आणि कार्यक्रमाच्या सकाळी पहिलं काम ते दार उघडायचं. ज्यांना मोबिलिटी अ‍ॅग्रीमेंटचा भरलेला नमुना आणि मिनिटांचा तक्ता पाहिजे त्यांनी सभागृह विभागात या, झेरॉक्स काढून ठेवल्यात.